कोरमपुरते बाबा

प्रिय बाबा,

शेजारच्या खोलीत तुम्ही पेपर समोर धरून बसलाय आणि इकडे मी तुम्हाला पत्र लिहितेय. हसू नका. तोंडाने बोलायला गेले की तुम्हाला नेमके गच्चीवर वाळत घातलेले कपडे आठवतात आणि तुम्ही उठून जाता. म्हणून कागद. अक्षर चांगलं टपोरं काढलंय, तेव्हा वाचायची टाळाटाळ करू नका.

काल मंडळाच्या बैठकीत माझा परवान्याचा अर्ज पुन्हा पुढे ढकलला. तिसऱ्यांदा! परीक्षा पास होऊन वर्ष होत आलं. प्रॅक्टिकलच्या परीक्षकांनी स्वतः सांगितलं होतं, पोरीचा हात हलका आहे, सुई टोचलेली कळतसुद्धा नाही. पण अ‍ॅक्युपंक्चरचा परवाना द्यायचा मंडळाने, आणि मंडळाचा कोरम काही जमत नाही. सात खुर्च्या, कोरमला चार माणसं हवीत. दोन खुर्च्या सरकारने भरलेल्याच नाहीत, पण मोजायच्या मात्र सातच! वकीलबाईंची नेमकी त्याच दिवशी कोर्टात तारीख. उरले अध्यक्ष, हाडांचे डॉक्टर, जनतेचे प्रतिनिधी म्हणून घेतलेले ते रिटायर्ड हेडमास्तर, आणि तुम्ही. झाले चार. मग माझं नाव पुकारतात. तुम्ही घसा खाकरता, अर्जदार माझी मुलगी आहे असं सांगता आणि सरळ खोलीबाहेर येता. राहिले तीन. अध्यक्ष फाइल मिटतात.

बरं, बाहेर येऊन करता काय? माझ्याच बाकावर, मला खेटून बसता! खिशातून पेपरमिंटची गोळी काढून देता. काल तर वर विचारलंत, काय गं ठमाकाकू, झालं का काम? अहो, कसं होणार? चौथा माणूस इथे माझ्या शेजारी गोळी चघळत बसलाय! हसावं की रडावं तेच मला कळेना.

तरी मी आजवर तुमचीच बाजू घेत आले. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या बाबांना राजीनामा द्यायला सांग. मी म्हणायचे, आमचे बाबा तत्त्वाचे आहेत. शाळेच्या चित्रकलेच्या स्पर्धेला तुम्ही परीक्षक होतात तेव्हा माझं चित्र आलं की भिंतीकडे बघायचात, हेसुद्धा मी कौतुकाने सांगायचे. माझंच कौतुक नडलं मला.

काल तुम्ही हात धुवायला गेलात तेवढ्यात सेक्रेटरीबाई बाहेर आल्या. माझ्यावरच कावल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या वडिलांना उठायला सांगतं कोण? नियम साधा आहे. नातं आधी सांगायचं, चर्चेत बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. बस्स. गप्प बसून राहिलेला माणूस कोरममध्ये धरतात, बाहेर गेलेला धरत नाहीत. आणि हे त्यांनी तुम्हाला पहिल्याच बैठकीनंतर नीट समजावून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत म्हणे.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! डोकंच सणकलं माझं. बसमध्ये मी तोंड फिरवून बसले तर तुम्ही विचारता, पोट दुखतंय का. कमाल करता, बाबा!

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. त्या लांबच्या हॉस्पिटलने माझी जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवली आहे. परवाना नाही तर ती नोकरी नाही. आणि बिनपरवान्याची मी काम कुठे करू शकते? फक्त परवानेवाल्याच्या हाताखाली, म्हणजे तुमच्या दवाखान्यात. मागे आपले शिंपीकाका कानात सुई तशीच घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी आणून दिली आणि म्हणाले, आमच्या सुया आम्हाला पुरे आहेत. सगळे खो खो हसलो. तुम्ही जरा जास्तच हसलात. तेव्हापासून सुया काढायचं काम माझ्याकडे, मोजायचंही माझ्याकडे. पेपर उघडता आणि म्हणता, वाच गं मोठ्याने, चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर असतो, बाबा.

तुम्हाला दिसत नाही याचा मला राग नाही, जीव तुटतो. राग याचा आहे की ते मला सांगायचं सोडून तुम्ही माझा परवाना अडवलात. मोतीबिंदूच असणार, दुसरं काय! दिवसभर लोकांना सुया टोचणारा माणूस डोळ्याच्या ऑपरेशनला घाबरतो, हे कुणाला सांगायचीसुद्धा सोय नाही. घाबरा, खुशाल घाबरा, मी हात धरून बसेन. परवाना मिळाला की तुम्ही बरे होईपर्यंत दवाखानाही मी एकटीने चालवू शकेन. हॉस्पिटलकडून तेवढी मुदत मी मागून घेते. पण त्यानंतर मी जाणार आहे, बाबा, आणि तुमचा निरोप घेऊन जायचंय मला, भांडून नाही. येत्या गुरुवारी अध्यक्षांनी खास बैठक बोलावली आहे. माझं नाव पुकारलं की नातं सांगा. मत देऊ नका, एक शब्दही बोलू नका, हवं तर डोळे मिटून घ्या. फक्त खुर्चीवरून उठू नका.

तुमच्यावर भयंकर चिडलेली, तरी तुमचीच,
ठमी