मी गाळलेली वाक्यं

प्रिय पप्पा,

आपण दोघं सर्वांत आधी ज्या शाळेत गेलो होतो, उद्या मला त्याच शाळेत बोलायचंय, पहिल्यांदाच तुमच्याशिवाय. म्हणून आज लिहितेय. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता: मुलं लहान आहेत, शेवट आशेचा असू द्या. मी हो म्हणाले, आणि तेव्हापासून स्वस्थता नाही.

नाझींच्या छावणीतून सुटून तुम्ही मुंबईला तुमच्या काकांकडे आलात, आईशी लग्न केलंत, तिच्याकडून मराठी शिकलात. टोरांटोत इतकी वर्षं काढलीत, तरी छावणीबद्दल बोलायचं ते मराठीतच. "या भाषेत माझ्यावर कुणी ओरडलं नाही," म्हणायचात. शाळाशाळांत तुम्ही सांगायचात, मी शेजारी उभी राहून त्याचं इंग्रजी करायचे. सभागृहात तिसऱ्या कुणाला मराठी येत नव्हतं. केवढा विश्वास टाकलात!

पहिल्याच वर्षी एका मुलीने विचारलं होतं, सुटका झाल्यावर आधी काय खाल्लंत?

तुम्ही सांगितलंत, "सैनिकांनी मांसाचा डबा दिला. मी तो सगळा धाकट्या भावाला भरवला. उपाशी पोटाला सोसलं नाही. संध्याकाळी तो माझ्या मांडीवर गेला."

आणि सभासभांतून सत्यासाठी घसा फोडणारी मी माइकवर म्हणाले, "सूप." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पार्किंगमध्ये मी गाडीवरचा बर्फ खरवडत होते. तुम्ही काच खाली केलीत. "रिबेका, सूप नव्हतं." मी म्हटलं, लहान आहेत हो ती. तुम्ही काच वर केलीत.

पुढे सहा वर्षं तुम्ही दर शाळेत तेच सांगितलंत आणि मी दर वेळी सूपच वाढलं. इंग्रजी तर तुम्हाला सगळं कळत होतं. मग भर सभेत मला अडवलं का नाहीत? मुलीची लाज राखायला भावाला पुन्हा पुन्हा का गमावलंत?

छावण्या नव्हत्याच म्हणणाऱ्यांना मी वादात नामोहरम केलं. आणि खाडाखोड घरातच चालली होती, माझ्या तोंडून.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मी त्याचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत प्रथमच. "हेनेक," म्हणालात. "तेरा वर्षांचा होता." मग बराच वेळ तुम्ही माझा हात सोडला नाहीत.

आत्ताच बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे मुलांसमोर बोलायलाच हवं का? मी म्हटलं, नाही तर मला बोलावू नका. सकाळी कळवतील.

त्यांनी नको म्हटलं, तर दुसरी शाळा शोधेन. पण जिथे उभी राहीन, तिथे हेनेकचं नाव घेईन, तो कसा गेला ते सांगेन, आणि बोलणं तिथेच संपवेन. टाळ्या नाही वाजल्या तरी चालेल.

तुमची,
रिबेका