रोवणीतली रिकामी गाडी

माय, आपल्या गावची सकाळची गाडी सोमवारपासून बंद होत आहे. एसटीच्या आगारातल्या वाहतूक अधिकाऱ्यांनी आज दुपारी फोनवर दुजोरा दिला. "भारमान नाही मॅडम," ते म्हणाले. भारमान म्हणजे गाडीतल्या किती जागा भरतात ते. पर्यायी फेरीचं विचारलं तर म्हणाले, सध्या नियोजनात नाही. मग म्हणाले, "तुमच्या बातमीचं कात्रणही प्रस्तावाला जोडलं आहे. मदत झाली." त्यात टोमणा नव्हता. ते खरोखर आभार मानत होते.

तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्रही तुला मीच वाचून दाखवलं असतं. माझी छापून आलेली प्रत्येक बातमी मी तुला चुलीपुढे बसून वाचून दाखवत असे, आणि तू सुपात तांदूळ पाखडत ऐकायचीस. ऐकून झालं की एकच प्रश्न विचारायचीस, "मंग आता काय होईन?" बातमी देणाऱ्याला याचं उत्तर ठाऊक नसतं. तेव्हा मला त्या प्रश्नाचा राग यायचा.

गाडी आपल्या गावी मुक्कामी असायची तेव्हाचं सारं मला अजून दिसतं. दिवेलागणीला ती यायची, शाळेपुढे उभी राहायची. चालक आणि वाहक शाळेच्या पडवीत झोपायचे. ते आपले कुणी नव्हते, पण तू त्यांना लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात पाठवायचीस, कारण ज्या गावात पोटाची आबाळ होते तिथे मुक्कामाला जायला कुणी तयार होत नाही, हे तुला कुणी न सांगता कळलं होतं. पहाटे पाच वाजता चूल पेटलेली आहे. तू पडवीजवळ जाऊन हाक मारतेस, "उठा जी, गाडीवाले!" ते डोळे चोळत आपल्या अंगणात येतात, मी फोडणीचा भात वाढते. चालक म्हणतो, "काकू, तुमच्यासाठी गजराचं घड्याळ आणतो. कायले रोज तरास घेता?" तू म्हणतेस, "घड्याळ बंद पडते बापा, मी नाही पडत." सहा वाजता गाडी निघते. त्या गाडीनं मी दहावीनंतरची सगळी वर्षं तालुक्याला गेले. माझ्या वर्गातल्या आणखी तिघी गेल्या.

मग मी वार्ताहर झाले, आणि गाडीवरची माझी पहिली बातमी तुला आठवत असेल. गाडी रोज वीस मिनिटं उशिरा सुटते, असं मी लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं. वाहकाला मेमो मिळाला आणि गाडी सहाच्या ठोक्याला सुटायला लागली. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता बोललीस.

"आता खुश हायेस न? गाडी टाइमावर जाऊन राहिली."

"मग बरंच आहे की."

"वरच्या टोलीच्या वस्तीतून म्हातारी दवाखान्यात जाते, तिले पाय ओढत यायले टाइम लागते. तिच्यासाठी थांबत होते ते. काल आली तवा गाडी मोडावर गेली होती. रस्त्यात बसून रडली म्हातारी." तू पातेलं उपडं ठेवलंस. "गाडीत कोण बसते, कोण नाही, पाहाले गेली होतीस का तू? का घरूनच लिहलंस?"

मी घरूनच लिहिलं होतं. तुझ्याच स्वयंपाकघरात बसून.

तू गेल्यानंतर दोन-तीन वर्षांत मुक्काम बंद झाला. पडवीला कुलूप लागलं, भात पाठवणारं कुणी उरलं नाही, आणि चालकांनी नको म्हटलं. त्यानंतर गाडी तालुक्याहून यायला लागली आणि आपल्या गावाहून साडेनऊला परत निघायला लागली. मीही तोवर तालुक्याला राहायला गेले होते. माझ्याकडे स्कूटर होती. गाडीत बसणं माझं सुटलं.

आता माझ्या धाकट्या चुलत भावाची पोरगी अकरावीला आहे. तू तिला पाहिलं नाहीस. विज्ञान शाखा घेतली आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. कॉलेज आठला भरतं, ती पोहोचते साडेदहाला. पहिले अडीच तास रोज बुडतात आणि ते नेमके जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे. तिनं मला फोन केला होता, "आत्या, तुमी लिहा न. गाडी सहाची करा म्हणा. तुमच्या टायमाले होती न?" मी म्हटलं, लिहिते. आणि या वेळी घरून लिहायचं नाही, असंही मनाशी ठरवलं.

आषाढ संपत आला होता. मी सकाळी गावी गेले, साडेनऊच्या गाडीत चढले. आत पाच जण होते. वाहक ओळखीचा निघाला, म्हणाला, "मॅडम, या दिवसात असंच राहते." मी मान हलवली. गाडी सुटण्याआधी आतल्या रिकाम्या बाकड्यांचे फोटो घेतले. बातमीत मांडणी अशी होती की वेळ चुकीची आहे म्हणून गाडी रिकामी धावते, ती सहाला सोडा, मग बघा. मथळा संपादकीय विभागानं दिला, 'रिकामी गाडी कुणासाठी?' फोटो चार कॉलम रुंद छापून आला. संध्याकाळी दोन सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं.

गावातल्या कुणाही बाईनं ती बातमी ऐकली असती तर हसली असती. तू तर सगळ्यांत आधी हसली असतीस. "रोवणीत कोण बसते वो गाडीत? सारं गाव बांधीत असते!" त्या पंधरवड्यात पोरी कॉलेजला जात नाहीत, म्हातारे दवाखाना पुढे ढकलतात, सगळे धानाच्या बांधीत, चिखलात रोपं रोवत असतात. माझ्या भावाची पोरगीही त्या दिवशी आईसोबत बांधीतच होती. महिन्याभरानं तीच गाडी उभ्या माणसांनी भरलेली असते. पण कात्रणात तो महिना नाही. कात्रणात रिकामी बाकडी आहेत, आणि खाली माझं नाव आहे.

फोनवर मी अधिकाऱ्यांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "तसं असेल तर तेव्हाच लिहायला हवं होतं मॅडम. आता मंजुरी झाली." खुलासा छापायचा का, असं मी आमच्या संपादकांना विचारलं. ते म्हणाले, तीन महिन्यांनी कुणाला आठवतंय. धान आता कापणीला आलं आहे, खरंच कुणाला आठवणार.

तासाभरापूर्वी भावाचा फोन आला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. "बाई, तू आपल्याकडून केलंस," म्हणाला. काळी-पिवळी जीपमध्ये रोज दाटीवाटीनं पोरगी पाठवायला तिची आई तयार नाही, आणि याला शेत सोडून दोन वेळा मोटारसायकल काढणं जमत नाही. "दाखला काढून आणतो. जवळच्या कॉलेजात आर्टले टाकून देऊ, पोरगी सायकलनं जाईन. अर्ज तेवढा तू लिहून दे, तुह्यं लिहलेलं साहेब लोक लवकर समजतेत." मागून पोरगी म्हणाली, "आत्याले म्हणा, अजून एकदा बातमी लिहा, मंग गाडी बंद होणं थांबते का पाहू." त्यानं तिला गप्प केलं.

अर्ज लिहून झाला आहे. चार ओळींचा. कारणाच्या जागी 'वाहतुकीची सोय नसल्याने' असं लिहिलं.

एक गोष्ट मी भावाला सांगितली नाही, अधिकाऱ्यांनाही नाही. रोवणी चालू आहे हे मी विसरले नव्हते. फोटो घेताना गाडीच्या खिडकीतून बांधीत वाकलेल्या बायका दिसत होत्या, ओळीनं, लुगडी खोचलेल्या. त्या फोटोच्या चौकटीत येत होत्या, म्हणून मी दोन पावलं बाजूला सरकले आणि मग बटण दाबलं. त्या ओळीत ती पोरगीही असेल.

सोमवारी कॉलेजची दाखल्यांची खिडकी अकराला उघडते. भाऊ मोटारसायकलनं साडेदहालाच पोहोचेल.