वाक्याच्या मध्येच श्वास

३ फेब्रुवारी

काल लिहिलं ते चूक. ‘नव्या रचनेच्या तिसऱ्या भागातली श्वासाची खूण मी विचार करून घातली’ — नाही! सुरावट सुचली तेव्हाच तो श्वास तिच्यात होता. मी फक्त उतरवून घेतला. इथे तरी खरं लिहावं.

तालमीत चेलोवाली थांबली. “अगं, सुरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत श्वास? क्लॅरिनेट वाजवतेयस की जिना चढतेयस?” सगळे हसले. मीही. वाद्यवृंदाचे कंडक्टर म्हणाले, “राहू दे. तिचं मौन आहे ते. लोक त्यासाठीच येतात.”

कार्यक्रम एकवीसला. रचना माझी, वाजवणार मीच — आणि एवढ्या मोठ्या सभागृहात पहिल्यांदाच.

५ फेब्रुवारी

जुन्या रचना काढून पाहिल्या. सगळ्यांत आहे. सूर चढत जातात आणि वाक्य संपायच्या जरा आधी — तीच खूण. समीक्षक तिला माझी ओळख म्हणतात. मला ती कुणी दिली?

८ फेब्रुवारी

आईला तालमीचं रेकॉर्डिंग ऐकवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती जागा आली आणि टॉवेल हातात तसाच राहिला.

“यांची धाप कशाला घातलीस त्यात?”

उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. पाणी वाहत राहिलं, भांडं एकही वाजलं नाही.

बाबांनी मला घरीच शिकवलं, त्यांच्या शेवटच्या वर्षांत. आधी ते वाजवायचे, मग मी. कागद नाहीच. “कानाने घे,” म्हणायचे. मी सगळंच घेतलं! त्यांचा दम तुटायचा, तो मी चालीचाच भाग समजले. आईने डॉक्टरांचा विषय काढला की क्लॅरिनेटच्या तोंडाची पातळ पट्टी, रीड, ओठांत ओली करत म्हणायचे, “एवढा कार्यक्रम होऊ दे गं, मग दाखवतो.”

दाखवलं तेव्हा उशीर झाला होता.

९ फेब्रुवारी

खुणा खोडल्या. सगळ्या. आता वाक्य सलग. बाबांनाही विश्रांती.

१० फेब्रुवारी

सलग वाजत नाही. तिथेच तुटतं. सवय असेल.

११ फेब्रुवारी

कमी दम लागणारी हलकी रीड लावली. तिथेच. मग दुसऱ्याच कुणाची रचना घेतली, बाबांनी कधी न ऐकलेली. सूर चढले — तिथेच!

क्लॅरिनेट खाली ठेवली तरी छातीत बारीक शिट्टी चालू. ओळखीची आहे. बाबा पलीकडच्या खोलीत झोपले की भिंतीतून यायची.

घराचा जिना चढून पाहिला. मध्येच कठडा धरला.

१३ फेब्रुवारी

कंडक्टरना फोन केला. वाजवणारा दुसरा कुणी तयार ठेवा म्हटलं. का, तेही सांगितलं. ते हसले. “घाबरतेस काय! एवढा कार्यक्रम होऊ दे, मग दाखव.”

अगदी त्याच शब्दांत.

सोमवारी, सोळा तारखेला सकाळी, छातीच्या डॉक्टरांकडे. आई बरोबर येतेय.