फळीवरच्या तीन ओळी

मेलकावेरी, कुंभकोणम्
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप अण्णास,
गोपाळचा नमस्कार.

तुझी आणि वैनींची प्रकृती बरी असेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. तुझ्या पट्टीश्वरमला बस अर्ध्या तासात पोचते, आणि मी सख्ख्या भावाला पोस्टानं पत्र पाठवतो आहे.

मी ठीक आहे. सीता गेल्यापासून एकवेळच स्वैंपाक करतो. बाहेर दिवसभर तमिळ. आपलं मराठी बोलायला घरात माणूस उरलं नाही. परवा चहाचा डबा सापडेना, तेव्हा "कुठं ठेवलंस ग?" असं मोठ्यानं विचारलं, आणि मग बराच वेळ स्वैंपाकघरात नुसता उभा राहिलो.

ऑक्टोबरात लेकीकडे, जननीकडे, म्यूनिकला होतो. तिनं रजा काढून मला एक जुना किल्ला दाखवायला नेलं. आगगाडीनं दोन तास. तिथं एक सबंध मजला शिकारीचा. भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत हरणांची शिंगं, आणि प्रत्येकाखाली पाटी: कुठं मारलं, कधी मारलं, कुणी मारलं. एवढ्या डोक्यांमधून चालताना माणूस आपोआप हळू बोलतो. शेवटच्या दालनात परदेशातल्या शिकारी होत्या. तिथं पेंढा भरलेला एक बिबट्या फळीवर उभा होता.

त्याचं तोंड मिटलेलं होतं, अण्णा. साहेबलोकांना दात दिसायला हवे असत आणि पेंढा भरताना अप्पा ऐकत नसत, आठवतं ना?

माहिती सांगणारी बाई म्हातारी, सभ्य. म्हणाली, हा दक्षिण हिंदुस्थानातल्या डोंगरातला. फळीच्या खालच्या बाजूला काहीतरी लिहिलेलं आहे, ते आजवर कुणाला वाचता आलं नाही. त्याचा फोटो शेजारी लावला होता. तिनं मला विचारलं, "तुम्ही तिकडचे. ही लिपी ओळखता का?"

मोडी होती. अप्पांचं अक्षर.

"नाही," मी म्हणालो. "मला वाचता येत नाही."

असं का म्हणालो, हे तुला सांगायला नको. तू मला हे एकदा करताना पाहिलं आहेस.

बहात्तरच्या कायद्यानं शिकार बंद झाली, अप्पांचं काम गेलं, आणि तू शिक्षण सोडून भांड्यांच्या दुकानात उभा राहिलास. त्यावर मी शिकलो, प्राध्यापक झालो. आणि तंजावरच्या मोठ्या घरात लग्न ठरवताना सांगून टाकलं की वडील शाळामास्तर होते. मेलेली जनावरं सोलणाऱ्याचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटली. लग्नात सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, "कुठल्या शाळेत होतात?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "इथलीच, गावातली." तू पानावरून उठलास आणि त्यांना घेऊन गेलास. ते शेवटपर्यंत तुझ्याकडेच राहिले. मी सणावारी यायचो, फळं ठेवायचो आणि निघायचो. त्यांनी कधी विषय काढला नाही. तू बोलणंच सोडलंस.

दुसऱ्या दिवशी मी जननीला सगळं सांगितलं.

"म्हणजे आजोबा मास्तर नव्हते?"

"नव्हते."

"आईला माहीत होतं?"

"नाही."

ती एवढंच म्हणाली, "आईनं काही म्हटलं नसतं." मग आणखी एका दिवसाची रजा टाकली आणि मला पुन्हा तिथं घेऊन गेली.

मी त्या बाईंना म्हणालो, मागच्या वेळी खोटं बोललो. हे काम माझ्या वडिलांचं आहे. आणि वाचून दाखवलं. तीन ओळी आहेत.

हनुमंतराव, कुंभकोणम्.
शके १८८८, मार्गशीर्ष.
डोळे चि. राजगोपाल याने बसविले.

तिसरी ओळ मी दोनदा वाचली. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. अप्पांनी तुझं नाव असं लिहून ठेवलं, हे त्यांनी तुला कधी सांगितलं होतं का? बाईंनी विचारलं, "राजगोपाल कोण?" मी म्हणालो, "माझे थोरले भाऊ." "आहेत?" "आहेत. माझ्या घरापासून आठ किलोमीटरवर." त्या म्हणाल्या, "मग त्यांना सांगाल ना?"

काल जननीचा फोन आला. पाटी बदलली आहे. मारणाऱ्याच्या नावाखाली आता अप्पांचं नाव आहे, आणि तुझं.

माफी मागायची ती अप्पांची, आणि ती वेळ गेली. तुझ्याकडे ती कुठल्या तोंडानं मागू, कळत नाही. येत्या मंगळवारी सकाळच्या बसनं येतो. वैनींना माझ्यासाठी काही करू देऊ नकोस. तू बाहेर आला नाहीस तर दारातल्या ओट्यावर, तिण्णैवर, थोडा वेळ बसेन आणि परत जाईन. त्याच्या पुढल्या मंगळवारी पुन्हा येईन.

इतकी वर्षं जे लिहायला हवं होतं, ते आज खाली लिहितो.

हनुमंतरावांचा धाकटा मुलगा,
गोपालकृष्ण