करड्या तारखा

९ जानेवारी २००६, सोमवार

लागली एकदाची नोकरी, आणि तीही नाशकात! नामपूरच्या कांदा मार्केटातल्या मापाऱ्याची मुलगी वेबसाइट बनवणार, म्हणून आईने गल्लीभर पेढे वाटले. राज, माझा धाकटा भाऊ, माझी कॉट आता आपली झाली म्हणून खूश. बाबा स्टँडपर्यंत आले. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभं राहून 'जपून राहा' एवढंच म्हणत होते.

ऑफिस इंदिरानगरला, पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी सुरू झाली की वर कीबोर्ड थरथरतो. माणसं तीनच. मालक सुयश सर, बोलायला गोड आणि कायम घाईत. ललित डिझाइन करतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो. मी बागलाणातली, नामपूरकडची, म्हटल्यावर त्याने कांद्यावरून दोन विनोद केले. तिसऱ्याच्या आधी मी त्याच्याकडे असं काही बघितलं की गप्प बसला. आमचं जमेल असं वाटतं.

१२ जानेवारी

पहिलं काम मिळालं. पंचवटीतले दिगंबरगुरुजी गोदावरीवर दशक्रिया विधी करतात. यजमान पुण्या-मुंबईला, कोणी अमेरिकेत, म्हणून त्यांना नोंदणी वेबसाइटवर हवी आहे. फॉर्ममध्ये गेलेल्या माणसाचं नाव, मृत्यूची तारीख, घरच्यांचा फोन. तारखेच्या चौकटीवर क्लिक केलं की छोटं कॅलेंडर उघडतं. त्यात तारीख निवडली की दहावा दिवस आपोआप निघतो. ज्या तारखा निवडू द्यायच्या नाहीत त्या करड्या करायच्या, मग त्यांच्यावर कितीही क्लिक करा, काही होत नाही. हे कॅलेंडर माझ्याकडे. सर म्हणाले, सध्या सगळ्या तारखा उघड्या ठेव, बंधनं सावकाश घालू.

गुरुजींना भेटायला गेले. भाजीबाजारातल्या रिक्षांमधून वाट काढत पोचेपर्यंत ओढणीला मेथीची पानं चिकटली होती. गुरुजींनी विचारलं, असलं काम करायला भीती नाही वाटत? मी म्हटलं, मेलेल्यांची नाही वाटत, आमच्या ललितचीच वाटते. ते खूप हसले आणि चहा पाजून पाठवलं.

१९ जानेवारी

साइट सुरू झाली, नोंदण्याही यायला लागल्या. एक मात्र गमतीची. सहादू कोंडाजी मोरे, मखमलाबाद, मृत्यू २७ जानेवारी. म्हणजे पुढच्या आठवड्यात! घरच्यांचं बोट चुकलं असणार, म्हणून दिलेल्या नंबरावर फोन लावला. घोगऱ्या आवाजात उत्तर आलं, "मीच सहादू बोलतो. आजून मेलो नाय, ताई. गुरुजींना लय घाई झाली का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माफी मागितली. म्हातारा शेवंती पिकवतो, बाजारात बसतो. वर मलाच म्हणाला, ये कधी, वेणी देईन. नोंद पुसून टाकली.

२० जानेवारी

ती नोंद परत आली आहे. तेच नाव, तीच तारीख. ललित म्हणतो, तुझ्या कोडमध्ये घोळ आहे. असेल. पुन्हा पुसली.

२७ जानेवारी

दुपारी गुरुजींचा फोन आला. सहादू मोरे गेले. सकाळी फुलांच्या पाटीशेजारी बसले ते उठलेच नाहीत. सुनेने दहाव्यासाठी विचारलं, आणि साइटवर तर त्यांची वेळ आधीच ठरलेली.

मी त्या माणसाशी बोलले होते. तो हसला होता. मला भीती वाटली हे लिहून ठेवते, पण भीतीपेक्षा रागच जास्त आला. गुरुजी म्हणतात, ज्याची त्याची वेळ असते, आपण त्यात पडू नये. मी सरळ विचारलं, वेळ ठरवतो तो माझा फॉर्म कशाला वापरतो? त्यांनी फोन ठेवून दिला.

३ फेब्रुवारी

आज आलेली नोंद. जयराम सखाराम देवरे, नामपूर. मृत्यू २१ फेब्रुवारी. फोन नंबर माझा.

माझे बाबा.

आधी ललितवर तुटून पडले. वाटेल ते बोलले. त्याने आईची शपथ घेतली, आणि त्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहून मला खरं वाटलं. नोंद पुसली. चहा संपायच्या आत ती परत आली. घरी फोन करून बाबांना सटाण्याला डॉक्टरकडे पिटाळलं. कारण सांगितलं नाही, नुसती भांडले.

६ फेब्रुवारी

बाबांची तब्येत ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणाले. मला डॉक्टरचा भरवसा उरलेला नाही.

पुसून जात नाही ना, मग २१ तारीखच करडी करून टाकली. पान पुन्हा उघडलं तर नोंदीत २२! तीही करडी केली. २३ झाली. मी ऑफिसात ओरडलेच. म्हणजे जो कोण आहे त्यालाही करड्या तारखेवर बोट ठेवता येत नाही. त्यालाही माझेच नियम! बरं झालं, माझ्या तावडीत सापडलास. माझ्या बापाला न्यायला निघालास आणि तारीख माझ्याकडे मागतोस?

८ फेब्रुवारी

एकेक तारीख कशाला, आजच्या पुढचं सगळं भविष्यच बंद केलं. एका ओळीचं काम. महिने पुढे पुढे सरकवून बघितले, सगळे करडे. सरांनी पाठ थोपटली, मृत्यूची तारीख पुढची असेलच कशी, हे आधीच करायला हवं होतं म्हणाले. ललितला मिसळ खायला घालून त्या दिवशीच्या भांडणाची भरपाई केली. फार दिवसांनी पोटभर जेवले.

९ फेब्रुवारी, सकाळ

नोंदीत आजची तारीख आहे.

अर्थात. पुढचं सगळं बंद केल्यावर पुढे सरकायला जागा राहिलीच नव्हती. आजची मीच उघडी ठेवली होती. कसली मूर्ख मी!

बाबांना फोन केला. मार्केटात वजनावर होते, मागे हमालांचा आरडाओरडा. घरी जा, आईजवळ बसा म्हटलं तर हसायला लागले. "माले काय व्हस? मी बरा शे." त्यांचा आवाज ऐकत ऐकतच आजची तारीख बंद केली.

दुपार

राजचा फोन. रडत होता. म्हणाला, अगं कुठे आहेस तू, काल सकाळपासून सगळे तुझी वाट बघत होते, शेवटी संध्याकाळी उरकलं. काय उरकलं? तर बाबांचं. काल सकाळी मार्केटात गेले म्हणे, वजनकाट्याजवळच.

मी म्हटलं, खोटं बोलतोस, आज सकाळी मी त्यांच्याशी बोलले. तो म्हणाला, त्यांचा फोन कालपासून कपाटात बंद करून ठेवलाय.

स्क्रीनवर ८ फेब्रुवारी. आज बंद केला म्हणून तो मागे गेला.

१० फेब्रुवारी

गावी गेले नाही. जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले की कबूल केल्यासारखं होईल. मी कबूल करणार नाही.

२०५० सालची एकच तारीख उघडून पाहिली. नोंद हलत नाही. एकदा गेलेला माणूस पुढच्या तारखेला जात नाही. ठीक आहे. मग मागच्याही सगळ्या बंद करते. एकही तारीख उघडी राहिली नाही तर बाबांना ठेवणार कुठे? सोडावंच लागेल.

एकदम सगळं बंद केलं की ब्राउझर अडकतो. वर्षावर्षाने करावं लागेल. करीन.

११ फेब्रुवारी

२००६ आणि २००५ बंद. आईचा फोन आला, आवाज एकदम थकलेला. यंदा तरी बाबांच्या श्राद्धाला ये म्हणाली. हो म्हटलं.

सर चिडलेत. लोकांना एकही तारीख निवडता येत नाही, सगळं उघड म्हणतात. मी पासवर्ड बदलून टाकला.

१३ फेब्रुवारी

१९९५ पर्यंत बंद. आता मला बाबांनी सायकल शिकवलेली नाही. शिकवली होती! मागून कॅरिअर धरून धावत होते. मला आठवतंय. आई म्हणते, सायकल मामाने शिकवली.

मला जे आठवतं ते खरं.

१४ फेब्रुवारी

१९८९ बंद. बाबांच्या नावापुढे १९८८ —

आईला विचारलं राज कसा आहे. कोण राज, म्हणाली. माझ्या पदरात तू एकटीच, पोरी.

राज एकोणनव्वदच्या डिसेंबरमधला. बाबा अठ्ठ्याऐंशीत गेले तर तो —

मी केलं हे. मीच.

थांबू? थांबले तर राज गेला तो गेलाच. तारखा पुन्हा उघडून पाहिल्या, कोणी पुढे येत नाही. आता एकच वाट, सगळं बंद. तळापर्यंत. मग दोघांनाही सोडावं लागेल त्याला.

१५ फेब्रुवारी

८८. ८७. ८६. ८५.

मला भीती वाटते. तरी करते आहे.

८४.

दुपारी

ललितने त्याचा स्वेटर माझ्या खुर्चीवर टाकला. मी खुर्चीत बसले होते. काय रे, म्हटलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि सरांना म्हणाला, कॅलेंडरच्या कामासाठी कोणीतरी ठेवायला हवं.

मी आहे ना. मीच करते आहे.

मी त्र्याऐंशीची. मार्चमधली. ते वर्ष बंद केलं, ब्याऐंशीही, आणि एक्याऐंशीचा डिसेंबर उजाडला बाबांच्या नावापुढे —

आईला फोन. कोन बोलतंय? चैताली. कोन चैताली, बाई? — नंतर नुसती गिरणी ऐकू येत होती, खालची.

थोडंच राहिलंय. ऐकतोस ना तू? थोड्याच तारखा उरल्यात तुझ्याकडे. मी उठणार नाही इथून. मी आहे. हे लिहिते आहे ती मी आहे, नामपूरची, मापाऱ्याची मुलगी, माझं नाव चैताली जयर