डिकीतले पोते आणि दोन दशांश सेकंद

मी, कुमारी मैना हिंमतराव बेनकर, वय ७१, निवृत्त, राहणार शनिवार पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण आमच्या घराण्यात बाईने स्वतःचे मत कागदावर उतरवले की पहिली शंका तिच्या डोक्याचीच घेतात. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. कोणाला हौस असेल तर त्याने आणून पाहावे.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मी चौतीस वर्षे वाहनांच्या चाचण्या घेतल्या आहेत. काळजीचे कारण नाही असे सांगणाऱ्याचे आकडे मी नेहमी दोनदा तपासले. म्हणून हा कागद.

२०१६ साली केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करते.

१. शनिवार पेठेतील तिसऱ्या मजल्यावरची सदनिका मी माझ्या पगारातून घेतली आहे. तिच्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. ही सदनिका, आतल्या सामानासह, माझी भाची अपेक्षा हिला द्यावी. लिफ्ट नाही आणि पार्किंगला एकच जागा आहे, हे तिला माहीत आहे.

कारण विचारले जाईल, म्हणून लिहिते. माझे वडील हिंमतराव हे धायरीचे शेतकरी. त्यांनी मला कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये घातले, तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढले. त्यांनी गावाचे ऐकले नाही. पण १९८१ साली माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवताना मात्र ते अगदी गावासारखेच वागले. "सही कर पोरी, भावाच्या दारात माहेर हाय तुझं." मी सही केली. २०२३ साली माझा भाऊ संपत वारला आणि त्याच्या दोन मुलांनी, दिग्विजय आणि पृथ्वीराज यांनी, हाच कागद बहिणीपुढे ठेवला. अपेक्षानेही सही केली. त्याच वर्षी जमीन विकली गेली आणि त्याच वर्षी दारात दोन गाड्या आल्या.

२. वरील कलम वाचून चि. अपेक्षाचा नवरा अवधूत याला फार आनंद होईल. त्याने तो आवरावा. घर तिच्या एकटीच्या नावावर राहील.

३. माझे स्विस बनावटीचे स्टॉपवॉच, टायरमधली हवा मोजायचे मीटर आणि चाचण्यांच्या एकवीस वह्या अपेक्षाच्या मुलीला, म्हणजे वाघोलीच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकणाऱ्या सोनूला. वह्यांत तिला कुठेही खाडाखोड सापडणार नाही. आमच्या शाळेत फिजिक्स शिकवणाऱ्या सिस्टरची शिस्त होती: चुकले तर गिरवायचे नाही, खोडायचे नाही. एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि छोटी सही करायची. चूक खालून वाचता आली पाहिजे.

४. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने दिलेली शाल जिन्यापाशी पायपुसणे म्हणून घालावी. १९९१ साली ब्रेकच्या एका मोठ्या चाचणीत सगळे आकडे माझे होते आणि अहवालावर सही आमच्या विभागप्रमुखांची. "बाईचं नाव पाहिलं की कंपनीवाले आकडे गांभीर्यानं घेत नाहीत, मॅडम. समजून घ्या." मी समजून घेतले. पुढची एकवीस वर्षे तेच समजून घेत राहिले. शाल त्यांच्याच हस्ते मिळाली होती.

५. आता त्या दोन गाड्या. कंपन्यांची नावे लिहीत नाही. त्यांनी जाहिरातीवर पुरेसा खर्च केला आहे. दिग्विजयची निळी, पृथ्वीराजची पांढरी. दोन्ही सेडान, दोन्ही टर्बोच्या, दोन्हींत इंजिनाचा जोर चारी चाकांना जातो. धायरी फाट्यावर संध्याकाळी सहा वाजता दोन्हींचा वेग ताशी नऊ किलोमीटर असतो, कारण पुढे पाण्याचा टँकर असतो. तरीही माझी कोणती आणि तुझी कोणती, यावर दोघांनी घरातले प्रत्येक जेवण नासवले. मोबाइलवर वेळ मोजून एकमेकांना पाठवत. मोजायचे कुठे, तर कात्रजच्या उतारावर! शेवटी दोघे रिंग रोडला शर्यत लावायच्या गोष्टी करू लागले, तेव्हा मी म्हटले, पुरे. रीतसर चाचणी मी घेते.

१७ डिसेंबर २०२३, रविवार, सकाळी सात. भाड्याने घेतलेली खासगी चाचणीपट्टी. टायर थंड असताना हवा सारखी केली. टाक्या अर्ध्या. प्रत्येक धाव दोन्ही दिशांनी आणि मग सरासरी, म्हणजे वारा आणि चढ वजा होतात. आणि चालक एकच.

"आत्या, तू चालवणार?" दिग्विजय म्हणाला. "लाँच कंट्रोल म्हणजे काय माहितीये का तुला?"

"तू दुपट्यात होतास तेव्हा मी क्लच जाळत होते. बाजूला हो."

पृथ्वीराज हसला. "दादा, गाडी टोटल लॉस झाली तर इन्शुरन्सवाल्याला काय सांगशील? आत्यानं ठोकली?"

६. निष्कर्ष लिहून ठेवते, कारण तो कोणीच नीट वाचला नाही. शून्य ते शंभर: निळी ४.६ सेकंद, पांढरी ४.८. शंभरवरून थांबायला: निळी साडेछत्तीस मीटर, पांढरी सदतीस. निळीला सहा सिलिंडर. ती न बोलता जोर देते आणि वेग कळायच्या आत शंभरावर गेलेली असते. पांढरीला चार, तिचा टर्बो क्षणभर विचार करतो आणि मग पाठीत धक्का देतो. निळी वळणावर चालकाच्या चुका गुपचूप सांभाळून घेते. पांढरी तसे करत नाही, स्टिअरिंगमधून तोंडावर सांगते की तुझे चुकले. मला पांढरी आवडली. पण आवड हा आकडा नसतो, म्हणून अहवालात लिहिले: निळी सरस. खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा एका अहवालाखाली फक्त माझी सही होती.

७. हे कलम कबुलीचे आहे.

त्या दिवशी पृथ्वीराजने मला घरी सोडले. खाली गाडी लावून त्याने डिकी उघडली. "आत्या, तांदूळ. काल वेल्ह्याहून आणला, सकाळपासून डिकीतच राहिला बघ." वेल्ह्याला उरलेल्या तुकड्यातला इंद्रायणी तो दरवर्षी मला पोते भरून आणतो. पन्नास किलो. ते पोते पाठीवर घेऊन तो तीन मजले चढला, जिन्यात दोनदा थांबला. मी त्याच्या मागून चढत होते आणि मनात भागाकार करत होते.

गाडीचे वजन साडेसतराशे किलो. त्यात पन्नास किलो जादा म्हणजे दोन दशांशांपैकी जवळजवळ दीड दशांश सेकंद. उरला तो माझ्या पायाचा फरक. ब्रेकचा अर्धा मीटरही त्याच पोत्याच्या खाती. म्हणजे दोन्ही गाड्या बरोबरीच्या. चाचणीआधी डिकी उघडून पाहणे हे आमच्या कामातले पहिले पाऊल. चौतीस वर्षे मी त्यावरून लोकांना फाडून खाल्ले. आणि त्या दिवशी मी स्वतः डिकी उघडली नाही.

"कुठे ठेवू?" त्याने विचारले. त्याला काहीच कळले नव्हते. मी म्हटले, "स्वयंपाकघरात."

एवढेच म्हटले.

पुढच्या महिन्यात संपतच्या वर्षश्राद्धाला दिग्विजयने माझा अहवाल फ्रेम करून आणला. पंगत बसलेली. तो म्हणाला, "धाकट्या, बाबा नेहमी म्हणायचे, तुला निवड कळत नाही. आता आत्यानं सही करून दिलंय." पृथ्वीराज ताटावरून उठला. मला तेव्हा बोलता आले असते. भिंतीला टेकून मी बसले होते, तोंड शाबूत होते, आणि माझे तोंड किती चालते हे सर्वांना ठाऊक आहे. पण मनात विभागप्रमुख उभे राहिले: बाईचे आकडे. मी भात कालवत राहिले.

तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नाहीत. चौदा महिने झाले. पृथ्वीराज या वर्षीही तांदूळ देऊन गेला. मागचे पोते मी पुरे खाल्ले आहे.

८. म्हणून जाहीर करते की दि. १७ डिसेंबर २०२३ चा अहवाल सदोष आहे. चूक गाडीची नाही, दोघा भावांचीही नाही. चूक माझी. फ्रेम भिंतीवरून उतरवावी. ती फेकू नये. तिच्यातल्या अहवालावर एक रेघ मारून सोनूच्या ताब्यात द्यावी, म्हणजे डिकी का उघडायची हे तिला कळेल.

९. दिग्विजय आणि पृथ्वीराज यांना मी काहीही ठेवलेले नाही. दोघांकडे जरुरीपेक्षा जास्त आहे, त्यातले काही बहिणीचे. दुसरे कारण असे की वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये. मला हेच दोघे साक्षीदार हवे आहेत.

हा मजकूर माझ्या पश्चात वाचला जावा असे आधी ठरवले होते. मग वाटले, मेल्यावर चूक कबूल करणे फार सोयीचे आहे. त्यामुळे दोघांना आज सकाळी अकरा वाजता बोलावले आहे, एकाच टेबलाशी. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणते. वाचून होईपर्यंत चहा मिळणार नाही.

१०. माझ्यामागे दहावे-तेरावे करू नये. जेवण घालायचेच असेल तर इंद्रायणीचा भात आणि आमटी करावी, आणि ताटावरून कोणी उठू नये.

वर लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत पुन्हा वाचून सही केली आहे.

ठिकाण: शनिवार पेठ, पुणे
दिनांक: १२ मार्च २०२५

सही: मै. हिं. बेनकर

साक्षीदार १: दिग्विजय संपत बेनकर, धायरी.
पूर्ण वाचले. फ्रेम ऑफिसात आहे, आज उतरवतो. कलम १ मधल्या हक्कसोडपत्राबद्दल अपेक्षाला आजच फोन करतो.

साक्षीदार २: पृथ्वीराज संपत बेनकर, धायरी.
वाचले. कलम ७ मध्ये पोते पन्नास किलोचे लिहिले आहे, ते पंचावन्नचे होते. आत्याचे पोते नेहमी पाच किलो जास्त भरतो. तिथे एक रेघ मारून बरोबर आकडा लिहिला आहे. शेजारी आत्याने, मी आणि दादाने छोट्या सह्या केल्या आहेत.