आधी राजीनामा बाहेर आला, मग मी

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (उभ्याने. साष्टांग उभ्याने घालता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण हल्ली पायाखाली पक्की जमीन मिळाली की ती सोडवत नाही. कारण पुढे येईलच.)

शाळेत बाईंनी बजावलं होतं की तीर्थरूप फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. पण मी चालायला लागलो तो तुमच्या आणि मामीच्याच घरात, त्यामुळे मधलं 'स्व' मी पहिल्यापासून गाळत आलोय आणि तुम्हीही कधी हरकत घेतली नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मामीने दिलेलं तेल लावता, की बाटली अजूनही कपाटामागे लपवता? मामीचा खोकला गेला का? माझी प्रकृती उत्तम आहे. (पत्रात हे लिहावं लागतं म्हणून लिहिलं. खरी प्रकृती खाली दिली आहे.)

मुद्दा आधीच सांगून टाकतो. मी नोकरी सोडली. तीच, जिच्यासाठी तुम्ही दुखऱ्या गुडघ्याने साहेबांच्या घरी चकरा मारल्या होत्या. आता चष्मा काढला असेल तर परत लावा, आणि मामीला हाक मारायच्या आधी पत्र शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

लिफ्टच्या कंपनीत मी 'मदतकक्षात' आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगत होता. ते ऐकताना मलाही माझा एखादा प्रशस्त कक्ष असल्यासारखं वाटायचं. प्रत्यक्षात तो कक्ष म्हणजे तळमजल्यावर, आमच्या स्वतःच्या लिफ्टला लागून ठेवलेलं एक टेबल, दोन फोन आणि मागे टेकलं की कुरकुरणारी एक खुर्ची. शहरात कुठेही लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबलं, की माझा फोन वाजतो. मग मी म्हणायचं, नमस्कार, घाबरू नका. आपण किती जण आहात? श्वास घ्यायला त्रास होतोय का? कोणाला कळवायचं आहे का? मेकॅनिकला पाठवायचं, आणि दार उघडेपर्यंत फोन खाली ठेवायचा नाही. हा आमचा पहिला नियम. दार उघडेपर्यंत बोलत राहायचं, मग विषय कुठलाही असो. एका नवरा-बायकोचं भांडण मी आरंभापासून ऐकलं आहे. मेकॅनिकने दार उघडलं तर त्या बाई म्हणाल्या, जरा लावून घ्या, माझं बोलून व्हायचंय. एक गृहस्थ बटण दाबून मला किती वाजले ते विचारायचे, कारण त्यांचं घड्याळ दुरुस्तीला दिलेलं होतं. असल्या लोकांचा मला कधीच त्रास झाला नाही. त्रास खरंच घाबरलेल्यांचा. त्यांचा श्वास फोनमधून ऐकू येतो, मामा. दिवसभर तो कानात घेऊन घरी जायचं, आणि मग आपलाही श्वास तसाच चालायला लागतो.

सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. काम म्हटलं की हे चालायचंच, असं तुम्हीच म्हणायचात. मग शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली की मी घरात "नमस्कार, घाबरू नका" म्हणायला लागलो. न्हाव्याच्या दुकानात दाराची घंटी वाजली, तर मी खुर्चीतून असा उसळलो की त्या बिचाऱ्याच्या हातून माझी उजवी मिशी गेली. (डावी नंतर मी आपणहून काढायला सांगितली. फोटो पाठवत नाही.) छातीत धडधड, हाताला घाम, जेवणावरून मन उडालेलं. सुट्टीच्या दिवशी तर जास्तच, कारण फोन वाजत नाही म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, दीर्घ श्वास घ्या, मन दुसरीकडे वळवा. मी म्हटलं, डॉक्टर, हे मी लोकांना दिवसभर सांगतो आणि त्याचा पगार घेतो, तुम्ही दुसरं काहीतरी सांगा. तेवढ्यात त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांचा हात पोचायच्या आत मी तो उचलला होता. पलीकडे एक पेशंट बाई होत्या, पोटदुखीच्या. मी त्यांना किती जण आहात विचारलं, धीर दिला, दार ओढू नका म्हणून सांगितलं, आणि त्यांना पुष्कळच बरं वाटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, चिठ्ठीवर लिहायला घेतलेलं औषध खोडलं आणि म्हणाले, ही नोकरी सोडा.

सांगणं सोपं असतं. राजीनामा लिहून मी शर्टाच्या खिशात ठेवला, तो शर्टाबरोबर धुतला गेला. दुसरा लिहिला. साहेब बसतात तिसऱ्या मजल्यावर. जिन्याने निघायचो, पहिल्या वळणावर तुम्ही डोळ्यांसमोर यायचात (तुमचा तो ठेवणीतला कोट घालून, साहेबांच्या दिवाणखान्यात अवघडून बसलेले), की मी मुकाट्याने खाली. असं किती वेळा झालं ते विचारू नका. हिशेबनीस बाई म्हणायच्या, व्यायाम चांगला चाललाय. मग एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. जिन्यावरून माघारी फिरता येतं, लिफ्टमधून येत नाही. एकदा बटण दाबलं की थेट साहेबांसमोर. हिशेबनीस बाईंना म्हटलं, जरा माझ्या फोनकडे बघा. त्या बरं म्हणाल्या आणि डबा धुवायला गेल्या. मी राजीनामा हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, दार लागलं, आणि दुसरा मजला यायच्या जरा आधी एक आचका देऊन लिफ्ट थांबली ती थांबलीच.

हो, आमचीच. साऱ्या गावाच्या लिफ्ट बघता बघता कंपनीची स्वतःची बघायची राहून गेली होती, आणि ती आपल्यापैकी कोणीतरी बघत असेल अशी प्रत्येकाची खात्री होती. माझा मोबाईल खाली टेबलावर. मी घंटेचं बटण दाबलं. खाली फोन वाजू लागला. माझाच फोन, माझ्याच टेबलावर, आणि तो लिफ्टच्या फटीतून मला स्वच्छ ऐकू येत होता. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलेना. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटत असणार, मदतकक्षाचा फोन आहे, मदतकक्षवाला उचलेल. आणि मामा, खोटं कशाला सांगू, मीही आत उभा राहून त्या मदतकक्षवाल्याला मनात शिव्याच घातल्या. म्हटलं, माणूस इथे अडकलाय आणि हा मेला गेला कुठे?

मग मात्र माझी पाचावर धारण बसली. घाम फुटला, भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. कोणीच उचलत नाही म्हटल्यावर मी तेच केलं जे मला येतं. मोठ्याने म्हटलं, नमस्कार, घाबरू नका. आपण किती जण आहात? एकटाच आहे, मी म्हणालो. श्वास घ्यायला त्रास होतोय का? हो, बरेच महिने झाले. कोणाला कळवायचं आहे का? मामांना, मी म्हणालो, आणि तिथेच खाली बसून रडलो. (लिफ्टच्या फरशीवर. पँट खराब झाली.) इतक्या लोकांना मी हे प्रश्न विचारले, पण मला ते तोवर कोणीच विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

अखेर फोन उचलला तो खुद्द साहेबांनी. घंटेच्या त्या कटकटीला वैतागून ते तीन मजले उतरून आले होते. त्यांनी पहिला प्रश्न केला की तू जागेवर का नाहीस. मी म्हटलं, साहेब, मी लिफ्टमध्ये आहे. ते कडाडले, "इथे फोन बोंबलतोय आणि तू लिफ्टमध्ये फिरतोयस?" मी म्हटलं, "साहेब, तो बोंबलणारा मीच आहे." मेकॅनिकला बोलवा असं मी सांगतोय तोच दुसरा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक आजीबाई भाजीच्या पिशव्यांसकट अडकल्या होत्या. साहेबांनी ही कंपनी उभी केली, पण आयुष्यात असा फोन कधी घेतला नव्हता. ते एका कानाला मला आणि दुसऱ्या कानाला आजीबाईंना धरून बसले, मी आतून एकेक वाक्य सांगायचो आणि ते पुढे पाठवायचे. त्यांनी "घाबरू नका" इतक्या घाबरून म्हटलं की आजीबाईच त्यांना धीर द्यायला लागल्या. जेवलास का रे बाळा, असं विचारलं म्हणे. साहेब म्हणाले, नाही. मग आजीबाईंनी पिशवीत काय काय भाजी आहे ते सांगितलं आणि साहेब हं, हं करत राहिले. आजीबाई सुखरूप सुटल्या. साहेबांचा शर्ट मात्र पिळून काढावा लागला असता.

मग आमचे मेकॅनिक आले. त्यांनी दार हातभर उघडलं, पण लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये, त्यामुळे मला दिसत होते फक्त साहेबांचे बूट. साहेब वाकले आणि विचारलं, हातात कसला कागद आहे? (इतका वेळ मी त्यानेच वारा घेत होतो.) म्हटलं, तुमच्याकडेच निघालो होतो, साहेब. आणि फटीतून राजीनामा बाहेर सरकवला. तर असा आधी राजीनामा बाहेर आला आणि पुष्कळ उशिराने मी. तोवर साहेब खाली जाऊन माझ्या खुर्चीत बसले होते, कागद पुढ्यात. मला वाटलं आता तोफ सुटणार. ते म्हणाले, हे रोज असं असतं? म्हटलं, रोज. एवढ्यात पुन्हा फोन वाजला आणि साहेबांनी, एरवी सगळ्या ऑफिसला धाकात ठेवणाऱ्या माणसाने, खुर्ची हळूच मागे सारली. तो फोन मीच घेतला. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी सही केलेली होती.

फक्त जाता जाता म्हणाले, तुझ्या मामांना मी काय तोंड दाखवू? मी म्हटलं, त्यांना मी सांगतो. म्हणून हे पत्र. महिनाभर थांबून मी रीतसर काम सोपवलं, कालचा दिवस शेवटचा. माझ्या जागी आता दोन माणसं ठेवली आहेत, आळीपाळीने बसतात, आणि मध्ये सुट्टी असते. हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यासाठी साहेबांना त्या खुर्चीत बसावं लागलं. आज सकाळी जाग आली तर वाटलं, आता छाती हलकी होईल. कसली होतेय! कुठेतरी कोणीतरी अडकलेलं असेल आणि मी इथे चहा पीत बसलोय, हेच डोक्यात. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल, जरा जरा करून जाईल. तोवर काय करायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही. तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा, मनात ठेवू नका. मामीला माझा नमस्कार, आणि तेल लावत जा.

तुमचा (नोकरी नसलेला)
भाचा

ता. क. – खरं काम सांगायचं राहिलंच. महिना-दोन महिने रोज संध्याकाळी माझ्या घरचा फोन वाजतो, तो तुमचाच असतो हे मला माहीत आहे. मला उचलवत नाही. तुमच्यावर राग नाही, मामा, देवाशप्पथ नाही, दुसऱ्या कोणाचाही फोन झटकन उचलतो, पण घरचा वाजायला लागला की हातच पुढे जात नाही. थोडे दिवस तुमच्याकडे येऊन राहू का? तुमचं घर बैठं आहे, म्हणून विचारतो. मला नोकरी शोधू नका.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवत होतो आणि फोन वाजला. आज उचलला. तोंडातून सवयीने निघून गेलं, "नमस्कार, घाबरू नका. आपण किती जण आहात?" पलीकडे मामी. ती म्हणाली, "दोघंच आहोत की रे. दुसरं कोण असणार इथे?" मागून तुमचा आवाज येत होता, उचलला का, उचलला का म्हणून. तुम्हाला तिने हातानेच गप्प बसवलं असणार. मी सगळं सांगून टाकलं, त्यामुळे खरं तर या पत्राची आता गरज नाही, पण तिकीट लावून झालंय म्हणून टाकतो. आणि एक. दार उघडेपर्यंत फोन खाली ठेवायचा नाही हा नियम मामीला कोणी शिकवला कोण जाणे. माझं रडून होईपर्यंत तिने ठेवला नाही. शनिवारी येतो. घंटी वाजवणार नाही, दार उघडं ठेवा.